मिनेसोटाची जत्रा आणि माझी गोठेवाली मैत्रीण

उत्तरध्रुवी

मिनेसोटात राहून मला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली निदान पंधरा वर्षं तरी मी इथल्या स्टेट फेअरला गेले असेन. ऑगस्टअखेरीला सुरू होते, लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) संपते, बारा दिवस. दरवेळचा आमचा कार्यक्रम ठरलेला: तळलेलं खायचं, मुलांना पाळण्यात बसवायचं, कुकीची बादली घ्यायची, पाय बोलायला लागले की घरी. गुरांच्या बाजूला "वास येतो" म्हणून कधी वळलोच नाही.

यंदा मुलं नव्हती, मैत्रीण होती. पुण्यातल्या हॉस्टेलची रूममेट. बीएस्सी झाली, लग्न करून कराडजवळच्या गावात गेली, आणि तीस वर्षं नवऱ्याबरोबर बारा-चौदा गाईंचा गोठा बघतेय. मुलगा मिनीॲपलिसला असतो, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली. मुलगा-सून कामावर, ही दिवसभर खिडकीत. फोनवर पहिली तक्रार काय, तर "अगं, इतकं हिरवंगार गवत कापतात आणि नुसतं टाकून देतात!" म्हटलं, हिला बाहेर काढलीच पाहिजे.

गाडी लांबच्या फुकट पार्किंगला लावली, तिथून फुकट बस. बसमध्ये हिनं विचारलं, "जत्रा कुठल्या देवाची?"

"देव नाही गं. सरकारी-शेतकी जत्रा."

"मग नवस कुणाला बोलतात?"

ह्याला उत्तर नव्हतं. आत शिरल्यावर मात्र तिला सगळं ओळखीचं वाटायला लागलं. गर्दी, धूळ, तळणाचा वास, खांद्यावर झोपलेली पोरं, हरवलेल्यांचा पुकारा. मिनीॲपलिस आणि सेंट पॉलच्या मधोमध फाल्कन हाइट्सला 322 एकरांवर हा पसारा आहे. जागा 1885 पासून हीच, जत्रा 1859 पासूनची.

आधी डेअरी बिल्डिंगमध्ये गेलो. काचेची एक खोली हळूहळू गोल फिरत असते, आत कडाक्याची थंडी, चारेक डिग्री. त्यात कोट-टोपी घातलेली एक मुलगी पुतळ्यासारखी बसलेली, आणि समोर शिल्पकार लोण्याच्या ठोकळ्यातून तिचा चेहरा कोरतोय. दुग्धव्यवसायातल्या घरांमधल्या मुलींतून दरवर्षी 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' निवडतात. तिचं आणि अंतिम फेरीतल्या बाकीच्या मुलींचं डोकं असं लोण्यात घडवतात. ठोकळा 90 पौंडांचा, म्हणजे एक्केचाळीस किलोच्या आसपास. लिंडा ख्रिस्टेन्सन नावाच्या बाई 1972 पासून जवळजवळ पन्नास वर्षं हे काम करत होत्या, आता दुसरे शिल्पकार करतात. मी हे सगळं कौतुकानं सांगतेय आणि ही मनातल्या मनात काहीतरी मोजतेय.

"कढवलं तर बत्तीस-तेहतीस किलो तूप पडेल."

शेजारच्या दुकानात पैसे एकदा भरले की हवं तेवढं थंडगार दूध प्या, अशी सोय आहे. पहिला घोट घेऊन हिनं ग्लास उजेडात धरला, "बरंय, पाणी नाही घातलेलं." दोन ग्लास पांढरं प्यायली. चॉकलेटचं बघितलंसुद्धा नाही.

पुढे 'मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर'. इतक्या वर्षांत मी इथे एकदाही आले नव्हते. दिवस भरलेल्या गाई, मेंढ्या, डुकरिणी मुद्दाम आणून ठेवतात, विद्यापीठातले पशुवैद्यक आणि विद्यार्थी देखरेखीला असतात, आणि लोक पायऱ्यांवर बसून जन्म बघतात. बारा दिवसांत दोनशेच्या घरात पिल्लं जन्मतात. आम्ही पोचलो तेव्हा एक काळीपांढरी गाय अंग टाकून पडली होती आणि मागून वासराचे पुढचे दोन पाय दिसत होते. मी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मला घाम फुटला. हिनं मान लांब करून एकदाच बघितलं.

"खुरांचे तळवे खाली आहेत. सरळ आहे. आता नाक दिसेल बघ."

नाक दिसलं. तीन-चारशे माणसं चिडीचूप. गायीनं कळ दिली की ही माझा हात दाबायची आणि पुटपुटायची, "घे गं बाई, घे. झालं, झालं." डोकं बाहेर आलं, मग खांदे अडल्यासारखे वाटले. एका विद्यार्थिनीनं पाय धरून कळेबरोबर खाली ओढलं आणि सगळं वासरू एकदम ओलंचिंब गवतावर घसरलं. टाळ्यांचा कडकडाट. आणि त्या कडकडाटात माझ्या शेजारून खणखणीत मराठीत आरोळी: "नाकातलं काढा की आधी!"

तिनं ते काढलंच, मराठी न कळता. गवताची काडी नाकपुडीत फिरवली, वासरू फुसफुसलं, गाय मागे वळून चाटायला लागली. आपण आता जाऊया म्हटलं तर ही हलेना. "वार पडू दे." वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, पडायला कधी कधी तास न् तास लागतात ही माहिती मला तेव्हा मिळाली. शेवटी तडजोड म्हणून मी तिथल्या स्वयंसेवकाला विचारून दिलं, चीक कधी पाजता? म्हणाला, पहिल्या काही तासांतच, आणि उरलेला गोठवून ठेवतो, दुसऱ्या वासरांना उपयोगी पडतो.

"खरवस नाही करत?"

"नाही."

"एकाही घरात नाही?"

नाही, असं सांगताना मलाच वाईट वाटलं.

आता खरी गंमत. कुकीची रांग लांब होती, म्हणून हिला एका बाकावर बसवलं आणि बजावलं, इथून हलू नकोस. तिचा फोन फक्त वायफायवर चालणारा. पंचवीस मिनिटांनी बादली घेऊन आले तर बाक रिकामा! पोटात गोळा आला. दिवसाला लाख-दीड लाख माणूस असतं इथे. माहितीच्या खोक्यावर जाऊन हिचं वर्णन सांगायला लागले, 'निळी साडी, पांढरे बूट', आणि सांगता सांगता डोक्यात उजेड पडला. सरळ गुरांच्या बराकीकडे धावले.

गाई धुवायच्या ओट्यावर ही उभी. हातात दावं. दाव्याला एक भलीमोठी होल्स्टिन, आपण जिला एचएफ म्हणतो ती, नुकतीच ब्लोअरनं वाळवलेली, पाठीवरचे केस विंचरून उभे केलेले. ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीची ती गाय होती तिचा पाठीवर लावायचा नंबर हरवला होता. ती तो शोधायला पळाली, आणि पळताना जवळ उभ्या असलेल्या साडीवाल्या बाईंच्या हातात दावं देऊन गेली. का दिलं? मी नंतर विचारलं. पोरगी म्हणाली, "त्यांनी गायीच्या अंगावर हात ज्या पद्धतीनं ठेवला होता ना, त्यावरून."

मग पोरीची आई आली. पुढचा अर्धा तास मी दुभाषी. "फॅट किती लागते?" "चारच्या आसपास." हिच्या भुवया वर. आमच्याकडे साडेतीनला भाव ठरतो, ही म्हणाली. इथे भाव शंभर पौंडांवर सांगतात. हिनं जत्रेच्या नकाशामागे गणित मांडलं: शंभर पौंड म्हणजे चव्वेचाळीस लिटर, भागिले, गुणिले. आकडा आला. दोघींनी तो बघितला आणि दोघींनी एकदमच मान हलवली. खाद्य महाग, दूध स्वस्त. हे वाक्य मला भाषांतरित करावं लागलं नाही.

आणि स्पर्धा. पांढऱ्या कपड्यातली पोरं गाई घेऊन गोल रिंगणात हळूहळू चालतात, स्वतः उलटी, तोंड गायीकडे. पंच फिरतो, लांबून बघतो, वाकून कासेला हात लावून बघतो. ही कठड्याला रेलून माझ्या कानात स्वतःचे नंबर लावत होती. "ती तिसरी बघ, कास उंच बांधलेली आहे, सड सारखे आहेत. ही पुढची दिसायला झोकात, पण मागचे पाय बघ, दुसऱ्या वेताला बसेल." पंचानं रांग लावली. हिची तिसरी तिथे पहिली आली! आमच्या पोरीची गाय सहावी.

पण हिला धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. पंचानं माईक हातात घेतला आणि पहिलीला दुसरीच्या वर का ठेवलं, दुसरीला तिसरीच्या वर का, हे गाईगणिक सगळ्यांसमोर सांगितलं. कुठे सरस, कुठे कमी. सहावीबद्दलही सांगितलं. ती पोरगी ऐकत होती, मान डोलावत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ऐकत होती.

"आमच्याकडे नंबर काढतात," ही म्हणाली, "का काढला ते कोण सांगतंय? मग लोक म्हणणारच, पाव्हण्याची गाय होती."

त्यानंतर बियांची चित्रं बघितली (एकेक दाणा चिकटवून केलेली, खाली कुठलं बी कुठे वापरलं त्याचा तक्ता), मधाचं आइस्क्रीम खाल्लं, आणि गोणपाटावर बसून उंच घसरगुंडीवरून दोघी किंचाळत खाली आलो. साठीला टेकलेल्या दोन बायका. साडी खोचून! फोटो आहे, टाकणार नाही.

---

मुक्ता_म

काय लिहिलंयस! "नाकातलं काढा की आधी"ला ऑफिसात मोठ्यानं हसले. एक व्यावहारिक प्रश्न: शाकाहारी माणसानं तिथे खायचं काय? आई-बाबा पुढच्या वर्षी येणार आहेत, बाबा अंडंही खात नाहीत.

उत्तरध्रुवी

मुक्ता, भाजलेलं मक्याचं कणीस डोळे मिटून घ्या. सोलपाटं मागे ओढून दांड्यासारखी धरायची आणि कणीस वितळलेल्या लोण्यात बुचकळून देतात. आम्ही घरून लिंबू आणि तिखट-मीठ नेलं होतं. लावल्यावर शेजारच्या दोघांनी मागून घेतलं. चीज कर्ड म्हणजे ताज्या चीजचे गोळे पीठात बुडवून तळलेले, भज्यांचे चुलतभाऊ, पण चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते, वासराच्या पोटातलं असू शकतं) आणि पीठातलं अंडं दोन्ही विचारून घ्या. कुकीत अंडं असतंच धरून चाला. प्रॉन्टो पप आणि कॉर्न डॉग दोन्ही सॉसेज. ते वेगवेगळे आहेत असं इथले लोक तावातावानं सांगतात (एकाचं आवरण मक्याच्या पीठाचं, दुसऱ्याचं धिरड्यासारखं), आपल्याला दोन्ही वर्ज्यच. तळणीचं तेल एकच असू शकतं, बाबांना चालत नसेल तर कणीस, दूध, फळं, मधाचं आइस्क्रीम. उपाशी राहणार नाहीत.

डॅलसकर

लेख मस्त. पण आमच्या टेक्ससची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. एकूण माणसं मोजली तर आमची जत्रा मोठी, चोवीस दिवस चालते. रोजची सरासरी काढली तर तुमची मोठी, ते मान्य. आमच्याकडे बिग टेक्स नावाचा 55 फुटी गुराखी उभा असतो आणि तो बोलतो. 2012 साली ऑक्टोबरात विजेच्या बिघाडानं पेटला, तेव्हा मी तिथे होतो. कपडे भुरुभुरु जळाले, खाली नुसता सांगाडा आणि हात उरले. शेजारचा पोरगा रडत होता आणि त्याचा बापही. पुढच्या वर्षी नवा उभा केला. गुरांच्या बाजूला मी पण कधी गेलो नाही. आता जाईन म्हणतो.

तिरकस_काका

सगळे कौतुकात बुडालेत म्हणून मीच बोलतो. एक्केचाळीस किलो लोण्याचं एक मुंडकं, अशी दहा-बारा. ही कसली शेतीची जत्रा? नासाडीची जत्रा. आणि बाळंत होणाऱ्या गायीभोवती तीनशे माणसं बसवून टाळ्या वाजवणं मला तरी पटत नाही. गायीला आडोसा लागतो, एवढं तर आमच्या आजीलाही कळत होतं.

उत्तरध्रुवी

काका, लोणी टाकत नाहीत. प्रत्येक मुलगी आपलं डोकं घरी नेते, कोरताना निघालेल्या कापांसकट. गावजेवणात कणसांना लावून संपवतात असं ऐकलंय. म्हणजे स्वतःचा चेहरा लोकांना खायला घालायचा! हे नासाडीपेक्षा जास्त विचित्र आहे हे मान्य.

आडोशाचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर. मैत्रिणीनंही हेच म्हटलं, अगदी ह्याच शब्दांत. "माझी गाय असती तर नसती आणली." तरीही तिथून उठत नव्हती ती.

आयोवाची_सून

लोण्याच्या डोक्यांवर काय बोलताय, आमच्याकडे डी मॉइनला अख्खी गाय असते लोण्याची! 1911 पासून. लाकूड-लोखंडाचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर साधारण सहाशे पौंड लोणी लिंपतात. काकांसाठी: तेच लोणी पुढची काही वर्षं परत परत वापरतात. नॉर्मा लायन म्हणून बाई होत्या, त्यांनी 1960 पासून चाळीसहून जास्त वर्षं ही गाय केली. माझ्या सासूबाई सोलापूरहून आल्या होत्या तेव्हा काचेसमोर उभ्या राहून त्यांनी नमस्कार केला. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी हसतंय का. मागच्या आजीबाई म्हणाल्या, "आम्हालाही तसंच वाटतं." तेव्हा उत्तरध्रुवीताई, तुमच्या मैत्रिणीला सांगा, देव अगदीच नाही असं नाही.

कोरडवाहू

मी नांदेडचा. 'देव नसलेली जत्रा' वाचून हसू आलं, कारण आमच्या माळेगावला खंडोबाही आहे आणि हे सगळंही आहे. लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी वळू, कुस्त्या, लावणी, तंबूतला सिनेमा. लहानपणी वडिलांबरोबर बैल घ्यायला गेलो होतो. दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होते, तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. मी वडिलांना विचारलं, काय बोलतायत? म्हणाले, "तोंडाकडं नको बघू, उपरण्याकडं बघ."

एक तक्रार आहे. "आमच्याकडे का नंबर काढला ते कोण सांगतंय" हे सरसकट लिहू नका. प्रदर्शनात चांगला पशुवैद्यक असला तर सांगतो. शिंगाचा बाक, वशिंड, खूर, रंग कुठं फिकट पडलाय, सगळं. मी ऐकलंय.

उत्तरध्रुवी

कोरडवाहू, मान्य. ते वाक्य तिचं, तिच्या तालुक्याच्या अनुभवाचं. मी तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "सांगत असतील. पण माइकवर? हरलेल्याच्या देखत?"

कोरडवाहू

माइकवर नाही. कोपऱ्यात घेऊन सांगतात. ताईंचा मुद्दा कळला.

जुनं_पान

मिनेसोटाच्या जत्रेचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट. 'हळू बोला आणि हातात सोटा ठेवा' या अर्थाचं थिओडोर रूझवेल्टचं जे वाक्य जगभर गाजलं, ते त्यांनी ह्याच जत्रेत म्हटलं, 2 सप्टेंबर 1901 ला. तेव्हा ते उपाध्यक्ष होते. चारच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींवर बफेलोच्या प्रदर्शनात गोळ्या झाडल्या, 14 तारखेला ते गेले आणि रूझवेल्ट अध्यक्ष झाले.

जत्रेतल्या मुख्य रस्त्याचं नाव डॅन पॅच ॲव्हेन्यू आहे ना, तो डॅन पॅच घोडा होता. 1906 ला ह्याच मैदानावर गाडी ओढत एक मैल 1 मिनिट 55 सेकंदांत धावला. 11 जुलै 1916 ला घोडा गेला, दुसऱ्या दिवशी त्याचा मालक गेला.

आणि जत्रा चुकलेली वर्षं मोजकी आहेत: 1861, 1862, 1893, 1945, 1946 आणि 2020. म्हणजे युद्धं, शिकागोचं जागतिक प्रदर्शन, इंधनटंचाई, पोलिओ, कोविड. 1915 पासूनची ती अंधाऱ्या बोगद्यातली होडी, ये ओल्ड मिल, बघितलीत की नाही?

उत्तरध्रुवी

बघितली, बसलोही. मैत्रिणीचं मत: "अंधारात पाण्यातून गोल फिरवलं आणि परत तिथंच आणून सोडलं. पैसे कशाचे?" मी सांगितलं, इथे जोडपी बसतात. "मग आपण कशाला बसलो?" ह्याला काय बोलणार.

घोड्याच्या मालकाचं आजच कळलं. सत्तावीस वर्षं त्या रस्त्यावरून चालतेय.

मुक्ता_म

एक राहिलंच. कुकीच्या बादलीचं काय झालं? हरवलेल्या मैत्रिणीला शोधत धावलीस तेव्हा हातात होती ना?

उत्तरध्रुवी

होती! ती बादली कडेच्या वरपर्यंत शिगोशीग भरून देतात, वरच्या खाल्ल्याशिवाय झाकणच लागत नाही. मी झाकण न लावता धावले. डेअरी बिल्डिंगपासून गुरांच्या बराकीपर्यंत माग काढता आला असता. उरलेल्या आम्ही दोघी, ती पोरगी आणि तिची आई, अशा ओट्यावर बसून संपवल्या. गायीनंही मान लांब केली होती, पण "शोच्या आधी गोड नको" म्हणून पोरीनं तिला दिली नाही.

रिकामी बादली मी टाकणार होते. मैत्रिणीनं हिसकावून घेतली. ऑक्टोबरात परत जाताना सामानात कपडे त्या बादलीत कोंबून नेली. काल तिचा व्हिडिओ आला: गव्हाणीपाशी उभी आहे, आणि त्या प्लास्टिकच्या बादलीनं मोजून सरकी पेंड घालतेय. म्हणते, मापाला बरोबर आहे, दुभत्या गायीला एक, गाभणीला पाऊण.